जस्त, जास्त आणि तळ्याखालची बांधी

मी भांडकुदळ आहे हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी ते कळायला दोन वर्षं लागली, आणि कळलं ते बांधीच्या धुऱ्यावर, निंदण करणाऱ्या सात-आठ बायांसमोर आणि एका बैलजोडीच्या साक्षीने. त्या दिवसाबद्दल मला आजही लाज वाटत नाही. उलट थोडी फुशारकीच मारावीशी वाटते, आणि ती मी मारणार आहे.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी अड्याळची. नागपूरला राहून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि निकालाचा पेढा तोंडात असतानाच लग्न होऊन लाखनीपासून तीन कोसांवरच्या एका गावात आले. नवरा भंडाऱ्याला एका कचेरीत कारकून होता. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकी आठवडाभर घरात आम्ही तिघं: मी, सासूबाई आणि सासरे.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. म्हणजे दुसऱ्यांजवळ त्यांच्याबद्दल बोलताना म्हणतात, कारण सुनेने त्यांच्याशी बोलायचं नसतंच. मला काही सांगायचं असलं की मी सासूबाईंना सांगायचं, त्यांनी ते सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, नेऊन पोचवायचं, आणि उत्तर त्याच वाटेने आत यायचं. कित्येकदा मामाजी चार हातांवर बसलेले असत आणि माझा शब्द न् शब्द त्यांना ऐकू जाई. तरी सासूबाई तो पुन्हा म्हणेपर्यंत ते सुपारी कातरत शांत बसून राहत. "भाजीत मीठ कमी आहे का?" एवढं विचारायला आमच्या घरात तीन माणसं लागत. मला हसू येई आणि रागही येई, पण नवी होते, म्हणून गिळून टाकत होते.

मामाजी शेतकरी मात्र पक्के. मातीचं ढेकूळ हातात चुरून ते सांगत, इथे काय येईल आणि काय रुसेल. त्यांचा सगळा जीव तळ्याखालच्या बांधीत. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं धानाचं शेत. ही अर्ध्या एकराची होती आणि गावतळ्याच्या पाळीखालीच असल्याने तिच्यात पाणी कधी आटत नसे. घरी वर्षभर खायचा तांदूळ तिच्यातच पिकायचा. त्या वर्षी त्यांनी तिच्यात पहिल्यांदाच नव्या बुटक्या जातीचा धान लावला आणि रोवणीआधी सुपर फॉस्फेटही सढळ हाताने टाकलं.

रोवणीनंतर वीसेक दिवसांनी धान बिघडला. पऱ्हे, म्हणजे रोवलेली कोवळी रोपं, जोमाने लागले होते, एकदम हिरवेगार. मग खालच्या पानांवर काथाच्या रंगाचे ठिपके आले, ठिपके एकमेकांत मिसळले, पानं वाळू लागली. रोपं जिथल्या तिथे थांबली. शेजारच्या बांध्या गुडघ्याला लागत होत्या आणि आमची घोट्याच्या वर यायला तयार नव्हती. गावात कोणी म्हणे तांबेरा, कोणी म्हणे करपा, एकाने तर दृष्ट काढायला सांगितलं. मामाजींनी दृष्टही काढली. सपरीतून त्यांचं ताट अर्धं भरलेलंच परत यायला लागलं.

मी शिदोरी घेऊन गेले तेव्हा ती रोपं पाहिली आणि धुऱ्यावरच उकिडवी बसले. हे मी आधी पाहिलं होतं. शेतात नव्हे, काचेच्या बरणीत.

कॉलेजात शेवटच्या वर्षी आम्ही मातीशिवाय, नुसत्या क्षार घातलेल्या पाण्यात मक्याची रोपं वाढवली होती. प्रत्येक बरणीत एकेक मूलद्रव्य गाळलेलं. एका बरणीत लोह नाही, एकीत पालाश नाही. माझ्या वाट्याला आली ती जस्त नसलेली बरणी. माझं रोप असं खुरटलं की वर्गातली मुलं त्याला माझ्या उंचीवरून चिडवायची. मग एका सुट्टीत कोणीतरी त्या बरणीत शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी ओतलं. नळाला जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप होता. त्या पाइपातून सुटून आलेलं, डोळ्याला न दिसणारं जस्त त्या रोपाला पुरलं. आठवड्यात नवं पान आलं, रुंद आणि हिरवं. प्रयोग बिघडला म्हणून सर रागावले. मी मात्र त्या पानाकडे बघतच राहिले होते. एवढ्याशा वाचून अडलं होतं, आणि एवढ्याशाने सुटलं.

घरी आल्याबरोबर सासूबाईंना चुलीजवळ गाठलं. त्यांना समजावून सांगणं सोपं नव्हतं आणि मला कमी शब्दांत बोलता येत नाही. मी म्हटलं, "आई, पान म्हणजे बारीक बारीक खोल्यांचं घर असते. त्या खोलीले पेशी म्हणतात. प्रत्येक पेशीत कामं करणारे असतात, कोणी साखर फोडते, कोणी प्रथिनं जोडते. त्यातल्या कित्येकांले हाताशी जस्ताचा एक कण लागते. तो नसला का ते नुसते बसून राहतात."

"मंग खत टाकलं ते कुठी जाते?"

"पेशीत जाऊन पडून राहते. त्याचं प्रथिन बनत नाई. वाढीचा रस बी बनत नाई, म्हणून धान खुरटला."

त्यांनी भाकरी उलटली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे जातं हाय, दाणे हाय, दळणारी बी हाय, पर जात्याले खुंटा नाई."

चार वर्षं मी पुस्तकं घोकली, पण याहून नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, अगदी असंच, आणि मामाजींना सांगा की धानाला जस्त पाहिजे. दुसऱ्या दिवशी शिदोरी त्याच घेऊन गेल्या. परत आल्या त्या खुशीत. "सांगतलं. टाकतो म्हणाले."

एका शब्दाने वाद न घालता मामाजी तयार झाले, इथेच मला शंका यायला हवी होती. पण मी हुरळून गेले होते. त्या रात्री मी नवऱ्याला पत्र लिहिलं, त्यात तीन वेळा 'माझं ऐकलं' असं होतं.

पाच-सहा दिवसांनी धान सुधारायचा तो आणखी मेला. वरची पानंही तांबूस झाली. सासूबाई शेतावरून आल्या त्या मान खाली घालून. सपरीतून पहिल्यांदाच माझ्याबद्दलचं वाक्य थेट आत ऐकू आलं, अर्थात सासूबाईंना उद्देशून: "तिचं आयकलं अन् होता तो धान बी घालवला. उद्या नांगर घालतो बांधीत. आन् तिले सांग, यापुढं चूल पाहाची, शेत नाई पाहाचं."

मला रात्रभर झोप आली नाही. नांगर फिरला की संपलं. पुन्हा रोवायला गावात कुठे पऱ्हे उरले नव्हते, म्हणजे बांधी त्या वर्षी पडीक राहणार होती, आणि तिच्यासोबत माझं सगळं शिक्षणही पडीक राहणार होतं. त्या घरात मी पुढली चाळीस वर्षं फक्त मीठ कमी आहे का एवढंच विचारणार होते.

सकाळी शिदोरीची वाट न बघता मी निघाले. मामाजी बांधीच्या तोंडाशी बैलांना नांगराला जुंपत होते. शेजारच्या बांधीत बाया निंदण करत होत्या. धुऱ्याच्या कडेला एक नवंकोरं पोतं रिकामं पडलेलं दिसलं. मी ते उचलून वाचलं. सुपर फॉस्फेट.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाई म्हणाल्या होत्या जस्त, मामाजींनी ऐकलं होतं जास्त. आमच्या बोलीत या दोन शब्दांत एका कान्याचा फरक, आणि तोंडात घास असताना तोही राहत नाही. धानाले जास्त पाहिजे! मग त्यांनी होतं ते खत आणखी ओतलं. आणि त्या खतातलं स्फुरद जितकं जास्त, तितकं जमिनीतलं उरलंसुरलं जस्तही रोपाला मिळेनासं होतं. उपाय म्हणून त्यांनी रोगालाच खाऊ घातलं होतं.

मी पदर डोक्यावर ओढला, बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामाजी, जास्त नाई. जस्त म्हटलं होतं मी. बादलीले असते ते."

निंदणाऱ्या बाया एकदम सरळ झाल्या. मामाजींनी तोंड फिरवलं. त्यांच्याही समोर पंचाईत होती: सून थेट बोलली, आता उत्तर कोणामार्फत द्यायचं? सासूबाई घरी. शेवटी त्यांनी पांढऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बैलालाच विचारलं, "काय म्हणून राहिली गा हे? आठ दिस आधी म्हणे जास्त टाका, आता म्हणे जास्त नोका टाकू."

मीही चिडलेलीच होते. मीही बैलालाच म्हटलं, "त्यायले सांग, शब्द आयकू आला नाई त पुन्हा विचाराचा असते."

एक बाई पदरात तोंड खुपसून हसायला लागली. मामाजींचे कान लाल झाले. बैल आपला शेपटी हलवत उभा. पण मी थांबले नाही. पेशी, कण, खुंटा नसलेलं जातं, सगळं त्या बैलाला सांगितलं. बरणीतलं मक्याचं रोपही सांगितलं. म्हटलं, मला एक संधी द्या, औषध मागवते, बरं झालं नाही तर मी स्वतः नांगराचा कासरा धरीन.

मामाजींनी बैलाची मान खाजवली. मग ते बैलाला म्हणाले, "पोळ्यालोक," म्हणजे पोळ्यापर्यंत, आणि जू सोडलं.

पोळ्याला सतरा दिवस होते. मी दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ नवऱ्यासाठी चिठ्ठी दिली. माझा नवरा बोलायला मऊ, पण असल्या कामात खमका. त्याने भंडाऱ्यात कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला गाठलं, प्रमाण लिहून घेतलं आणि दुकानं पालथी घालून एक किलो जस्ताचं सल्फेट मिळवलं. पुढे ऐंशीनंतर ते लाखनीच्या प्रत्येक खताच्या दुकानात पोत्यांनी दिसायला लागलं, पण तेव्हा ते मागितलं की दुकानदार माणसाकडे वरून खाली बघत. एवढं करून तो निघाला तर वैनगंगेला पूर. कारध्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. अलीकडे मी दिवस मोजत बसलेली, पलीकडे तो मांडीवर पुडकं घेऊन. चौथ्या दिवशी पाणी उतरलं. गुडघाभर चिखल माखलेला तो दारात उभा राहिला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "यात चुना टाकल्याशिवाय मारू नको, पानं जळतील." अशा माणसाशी मी जन्मभर भांडले, पण सुखाने भांडले.

चुन्याची काळजी सासूबाईंनी घेतली. आपल्या हातून निरोप बिघडला या विचाराने त्या आठवडाभर कोमेजल्या होत्या. मी शंभरदा सांगितलं की चूक तुमची नव्हे, घास चावता चावता ऐकणाऱ्याची आहे. त्यांना ते पटलं, पण बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. त्यांनी अर्धा किलो चुना मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, विरघळवला, जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळला, आणि माझ्या आधी बांधीवर जाऊन बसल्या.

फवारणीचा पंप गावात एकच होता. तो पाठीवर घेऊन एक बाई बांधीत उतरली हे गावाने पहिल्यांदा पाहिलं. साडीचा काष्टा मारलेला, पिंडऱ्या चिखलात, खांद्यात पट्टा रुतलेला. तेरा पंप मारले. सासूबाई मोजून पाणी ओतत आणि चुन्याची निवळी घालत. मामाजी पलीकडच्या धुऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. पाठ केली होती, पण उठून मात्र गेले नाहीत.

मी एक गोष्ट मुद्दाम केली. तळ्याच्या बाजूची चार हात रुंद पट्टी तशीच सोडली, तिच्यावर एक थेंब पडू दिला नाही. ही कॉलेजची खोड. सगळ्या बांधीवर फवारलं असतं तर उद्या लोक म्हणाले असते, पाऊस बरा झाला म्हणून सुधारला, दृष्ट उतरली म्हणून सुधारला. सासूबाईंना ते आवडलं नाही. "पंगतीत एकाले उपाशी ठेवाव काय?" म्हणाल्या. मी हट्टाने ठेवलं.

पाच दिवस काहीच नाही. लोक वाट वाकडी करून बघून जात. सहाव्या दिवशीही नाही. मी रोज पहाटे जाई. जुनी पानं तशीच तांबडी, ती आता कधीच हिरवी होणार नव्हती हे मला माहीत होतं, पण बघणाऱ्याला तीच आधी दिसत. मी एकेका रोपाचा पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, उलगडून बघे आणि गुपचूप परत मिटवे.

आठव्या दिवशी पोंग्यातून हिरवं टोक बाहेर आलेलं होतं. एका रोपाला नाही, मी चालत गेले तिथवर सगळ्यांना. मी बसले आणि रडले, चांगली हमसून रडले. त्या टोकात, डोळ्याला न दिसणाऱ्या खोल्यांमध्ये, कामं सुरू झाली होती. आठ दिवसांपूर्वी बसून राहिलेले सगळे उठून कामाला लागले होते. मी हे पुस्तकात वाचलं होतं, बरणीत पाहिलं होतं, पण आमच्या जेवणाच्या तांदळात पाहताना काय वाटलं ते सांगायला मला अजून शब्द मिळालेला नाही. घरी मी कोणाला काही बोलले नाही. म्हटलं, ज्याचं त्याने बघावं.

पोळ्याच्या सकाळपर्यंत बांधीचा रंगच बदलला. खालची तांबडी पानं नव्या हिरव्याखाली झाकून गेली, रोपं वीतभर उचलली. तळ्याच्या पाळीवरून बघणाऱ्याला एक हिरवी बांधी दिसे आणि तिच्या काठाने, कोणी रेघ मारावी तशी, एक तांबडी पट्टी.

त्या दिवशी बैलांना कामाला जुंपत नाहीत. मामाजींनी त्यांना तळ्यावर धुतलं, शिंगं रंगवली, पाठीवर झुली घातल्या. मी सणाचं नवं लुगडं नेसून पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन सासूबाईंच्या मागून तळ्यावर गेले. नैवेद्य झाला तरी मामाजी परतेनात. आम्ही पाळीवरून बघितलं तर ते खाली बांधीत, सणाच्या पांढऱ्या धोतरासकट चिखलात. हिरव्यातलं एक रोप त्यांनी उपटलं, मुळं धुऊन बघितली. मग पट्टीतलं एक उपटलं, तेही धुतलं. दोन्ही हातांत दोन रोपं धरून ते ताडून बघू लागले.

मी धुऱ्यापर्यंत खाली उतरले. पदर होता डोक्यावर, पण मान वर होती. सासूबाई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, निरोप न्यायला तयार. बैलही पाळीवरच होते. मामाजींनी यातल्या कोणाकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे वळले. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे:

"त्या पट्टीले काहून उपाशी ठेवलं?"

आवाजात राग होता, आणि खरा राग होता. धानाच्या बाजूने ते माझ्याशी भांडत होते. मी म्हटलं, "तुमी मानलं नसतं म्हणून."

त्यांनी हातातल्या दोन रोपांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग ती धुऱ्यावर शेजारी शेजारी ठेवली.

"मानलं," ते म्हणाले. "आता तिले बी दे."

सासूबाई म्हणाल्या, अहो आज सण आहे, उद्या देईल. मामाजी म्हणाले, सण बैलांचा आहे, धानाचा नाही. पुड्यात थोडं सल्फेट उरलं होतं, घरी चुना होता. पंप आणला, लुगड्याचा काष्टा मारला आणि मी बांधीत उतरले. गाव पाळीवर सजवलेले बैल घेऊन बघत उभं होतं. मामाजी माझ्या मागून पाण्याची बादली घेऊन येत होते, आणि एका पंपाला चुना किती, हे मलाच विचारत होते.